दाराआडून विचारलेलं

भाऊ गेल्याचा निरोप आला तेव्हा मी महालातल्या बाजारात सांभाराचा भाव करत होतो. सांभार म्हणजे तुमची कोथिंबीर. नागपूरबाहेरच्या वाचकांनी इडलीबरोबरची वाटी डोळ्यांसमोर आणू नये. शेजारचे गुलाबराव सायकल हातात धरून गर्दीतून वाट काढत आले आणि म्हणाले, "घरी चाल गा, भाऊचं काही खरं नाही." मी "हो" म्हणालो आणि भाजीवालीला म्हणालो, दोन जुड्या घेतल्या तर काही कमी करशील का. गुलाबराव माझ्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी सरळच सांगितलं की भाऊ गेला. मी पुन्हा "हो" म्हणालो, तिच्याकडून वर चार मिरच्या मागून घेतल्या, पिशवीत टाकल्या आणि त्यांच्या सायकलवर मागे बसलो. ती पिशवी त्यानंतर माझ्या खांद्यावरून उतरलीच नाही. घरी गर्दी झाली, भाऊच्या मुलीला पुण्याला तार गेली, ती रात्रीच्या गाडीनं पोचेपर्यंत बर्फ आणून ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो तर ती पिशवी पुन्हा माझ्याच खांद्यावर. कशी आली ते ठाऊक नाही. घाटावर साहित्यातल्या एका मोठ्या माणसानं भाषण केलं, मातीत पाय रोवून ताऱ्यांकडे पाहणारा लेखक वगैरे. मी पुढेच हात जोडून उभा, आणि माझ्या काखेतून मलूल झालेलं सांभार डोकावतंय. भाषण संपल्यावर ते गृहस्थ माझ्या खांद्यावर हात ठेवायला आले, पिशवीकडे पाहिलं, आणि दुसऱ्या खांद्यावर हात ठेवला. भाऊला मुलगा नाही, तेव्हा मडकं मीच धरायचं होतं. त्या वेळी कुणीतरी पिशवी उतरवून घेतली. खांदा हलका झाला तेवढंच मला कळलं. बाकी काही कळलं असं म्हणता येणार नाही… अजूनही म्हणता येत नाही.

भाऊ म्हणजे माझा थोरला भाऊ दामोदर. दिवाळी अंकांतल्या त्याच्या विज्ञानकथा आपल्यापैकी पुष्कळांनी वाचल्या असतील. या पुरवणीच्या संपादकांनी महिन्याभरानं मला गाठलं आणि म्हणाले, तो लेखक कसा झाला, त्याच्यावर कोणाकोणाचा प्रभाव होता, हे घरातल्या माणसानं लिहावं. मी त्यांना स्पष्ट सांगितलं की मी एका कचेरीत आवक-जावक पाहतो; आलेला कागद आत द्यायचा, आतला कागद बाहेर धाडायचा, त्यात काय लिहिलंय ते माझ्या खात्यात येत नाही. ते म्हणाले, तसंच लिहा. आता त्यांना काय ठाऊक, की भाऊच्या लेखनात माझं नेमकं हेच काम होतं.

भाऊ हवामान खात्यात होता. रोज ठरल्या वेळी एक मोठा फुगा वायूनं भरायचा, त्याच्याखाली यंत्राचा पांढरा डबा बांधायचा, आणि सोडून द्यायचा. फुगा मैलोन्‌मैल वर जातो, डबा तिथल्या थंडीवाऱ्याची खबर खाली पाठवतो, मग फुगा फुटतो आणि डबा एका छोट्या छत्रीला लटकून कुठंतरी खाली येतो. भाऊ हे काम वर्षानुवर्षं करत होता आणि त्याचा त्याच्या लिहिण्याशी काही संबंध आहे असं त्याला स्वप्नातही वाटलं नव्हतं. कारण तो लिहायचा ते सगळं विलायतेत घडायचं. रविवारी सीताबर्डीच्या फुटपाथवर जुनी इंग्रजी पुस्तकं मांडून बसणारे असत. वर अग्निबाण आणि आठ हातांचं जनावर असलेलं पुस्तक दिसलं की भाऊ खाली बसलाच. शब्दकोश शेजारी घेऊन तो ती वाचायचा, आणि वाचून झाली की तशीच मराठीत लिहायचा. त्याच्या कथेतल्या यानाचा कप्तान कुणी रॉबर्ट नाहीतर एडवर्ड असायचा. माणसं गोळ्या खाऊन जगत, एकमेकांना आडनावानं हाक मारत, आणि शेवटी स्फोट होई. त्या कथा मासिकांकडे जात आणि परत येत. पोस्टमन लांबून दिसला की आई म्हणायची, "आला पाह्य तुहा रॉबर्ट."  भाऊ पाकीट न फोडता फळीवर ठेवून द्यायचा. मी त्या वेळी त्याला हसायचो. मला वाटायचं, फुगे सोडणारा माणूस, कथाही तशाच सोडतो. कुठं पडतात ते त्याचं त्याला ठाऊक नाही.

साठचं दशक संपत आलं होतं तेव्हा माझं लग्न झालं. मुलगी काटोलकडची, सातवीपर्यंत शिकलेली, नाव मंदा. आमच्याकडे त्या काळी धाकट्या सुनेनं भासऱ्याशी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, बोलायचं नसे. समोर यायचं नाही, आलंच तर पदर डोक्यावर, नजर जमिनीवर, आणि शब्द नाही. काही सांगायचंच असेल तर तिसऱ्या माणसाकरवी. हा काही जुलूम वगैरे कुणाला वाटत नसे, जेवणाआधी पाय धुवावेत तसा एक नेम. आमचं घर एकामागे एक तीन खोल्यांचं. पुढच्या बैठकीत भाऊ, मधल्या स्वयंपाकघरात बायका, मध्ये एक दार. मी जेवायला त्या दाराच्या चौकटीशी बसायचो, कारण तिथं वारा लागे. लग्नाआधी ती नुसती वाऱ्याची जागा होती. लग्नानंतर तिथं माझी नेमणूक झाली.

ते असं झालं. एकदा भाऊच्या फुग्याचा डबा हुडकेश्वरच्या एका वावरात पडल्याचा निरोप आला. हुडकेश्वर तेव्हा शहराबाहेरचं खेडं होतं; भाऊ मला सायकलच्या कॅरिअरवर बसवून घेऊन गेला. तुरीच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एक म्हातारी त्या डब्याला हळदकुंकू लावून, पुढे नारळ ठेवून बसली होती. भाऊनं डबा मागितला. ती म्हणाली, आभाळानं धाडलं ते तुले काहून देऊ. भाऊ म्हणाला, आभाळानं नाही, मीच धाडलं. तिनं त्याला चपलांपासून टोपीपर्यंत न्याहाळलं, मग मला न्याहाळलं, आणि म्हणाली, "तुमी?" त्या एका शब्दानं आम्ही दोघं इतके खजील झालो की डबा मिळाला तो भाऊनं तिच्या हातून प्रसादासारखा घेतला.

संध्याकाळी जेवताना भाऊ हे आईला सांगत होता. वर किती थंडी असते, पाणी कसं दगड होतं, श्वास घ्यायला हवा नाही, हे सगळं. आम्ही हसत होतो. तेवढ्यात दाराआडून बांगड्या वाजल्या, आणि हळू आवाज आला, "अहो, त्याईले विचारा, वर येवढी थंडी, तर डब्याले काही पांघरूण घालून देता का नाही?"

आई हसली, वहिनी हसली, मी तर इतका हसलो की ठसका लागला. भाऊ हसला नाही. नेमाप्रमाणे त्याला ते ऐकूच गेलं नव्हतं, हातभर अंतरावरून आलं असलं तरी. तो माझ्याकडे पाहत राहिला. मी मुकाट्यानं निरोप पोचवला: "ती विचारते, डब्याला पांघरूण देता का." भाऊनं घास खाली ठेवला. कानाची पाळी ओढत वर पंख्याकडे पाहत बसला. त्याची ही सवय पुढं वीस वर्षं पाहिली. उत्तर कधी लगेच यायचं नाही. दुसऱ्या दिवशी कामावरून आल्यावर, चहाचा कप हातात असताना, मला म्हणाला, "तिला सांग, देत नाही. पण द्यायला पाहिजे."

त्या आठवड्यात त्यानं जी कथा लिहिली तिच्यात रॉबर्ट नव्हता. तुरीच्या एका वावरात परक्या ग्रहावरून एक पेटी येऊन पडते. दिल्लीहून मोठमोठे शास्त्रज्ञ येतात, धातूचं एकेक कवच कापतात, काहीच कळत नाही. शेवटच्या कवचाच्या आत पेटीभोवती गुंडाळलेली एक गोधडी निघते. हातानं टाके घातलेली. एका कोपऱ्यात टाके वाकडे गेलेले. कथा तिथंच संपते. तिकडे कोण राहतं हे कुणाला सांगावं लागत नाही. 'गोधडी' छापून आली, आणि भाऊ लेखक झाला. आईनं अंक देवापुढं ठेवला. दाराआडून काहीच आवाज आला नाही. मी विचारलं तेव्हा मंदा म्हणाली, "गोधडीत जुनं लुगडं असते. ते नाही लिहिलं त्याईनं."

मी हे भाऊला सांगितलं. त्यानं पुस्तक निघालं तेव्हा ते घातलं.

नंतरची पद्धत कुणी ठरवली नाही, बसून गेली. कथेचा खर्डा झाला की भाऊ बैठकीत बसून मला वाचून दाखवायचा. मला म्हणजे नावाला; आवाज असा लावायचा की मधल्या खोलीतल्या फोडणीवरही ऐकू जावा. मी चौकटीत बसलेला. आत पोळ्या, भाकरी, कधी कुरडयांचा चीक. आणि मधूनच, "अहो, विचारा त्याईले…" त्या गोळ्या खाणाऱ्या माणसाईले ढेकर येते का? चंद्रावर धुणं वाळत घातलं तर वाऱ्याबिगर वाळते का? यानात वजनच नाही, तर लेकरू कडेवर घेतलं काय अन् खाली ठेवलं काय, त्याले कळते कसं की आईनं घेतलं? माणूस चंद्रावर उतरला तेव्हा आमच्या गल्लीत गुलाबरावांच्या रेडिओभोवती जत्रा जमली होती. जो तो अमेरिकेचं कौतुक करत होता. मंदानं मला घरी आल्यावर विचारलं, दोघं खाली उतरले तेव्हा एकटा वर फिरत राहिला म्हणता, तर तो कोणाशी बोलला. भाऊनं त्याच्यावर एक दीर्घकथा लिहिली. पुष्कळांच्या मते ती त्याची सर्वांत चांगली.

निरोप्या म्हणून मी काही धड नव्हतो हे कबूल केलं पाहिजे. कचेरीत कागदाला हात लावत नसलो तरी घरी मला मोह आवरत नसे. प्रश्न साधा असला की मी त्याला थोडा शास्त्रीय करायचो, "गुरुत्वाकर्षणाच्या दृष्टीनं" वगैरे घालायचो. भाऊ सगळं शांतपणे ऐकून घ्यायचा आणि मूळ प्रश्नाचं, म्हणजे जो त्याला ऐकूच गेला नव्हता त्याचं, उत्तर दुसऱ्या दिवशी द्यायचा. मंदा आतून माझं शास्त्र ऐकत असे. "मी असं म्हटलं नव्हतं," एवढंच रात्रीच्या जेवणाला वाढताना म्हणायची, आणि वरण जरा जास्तच उंचावरून ओतायची.

वहिनीला, म्हणजे भाऊच्या बायकोला, या सगळ्याचं काही नव्हतं. ती अतिशय चांगली बाई. कथा सुरू झाली की तिला भिंतीला टेकून झोप लागे आणि संपली की जाग येई, आणि तिचा एकच प्रश्न असे, की वाढू का.

पुढं भाऊचं नाव झालं. तो मोठा झाला म्हणजे काय झालं, तर त्याला सभांना बोलावू लागले, आणि सभेत उठून कुणीतरी विचारू लागलं की आपल्यावर कोणाचा प्रभाव आहे. धंतोलीत एका सभागृहात त्याचा सत्कार होता, आम्ही सगळे गेलो होतो. मंदा बायकांच्या बाजूला, मागच्या रांगेत. एका प्राध्यापकांनी तोच प्रश्न विचारला आणि उत्तराची सोय व्हावी म्हणून चार-पाच परदेशी लेखकांची नावंही स्वतःच घेतली. भाऊनं कानाची पाळी ओढली. मी मनात म्हटलं, आता हा उद्या उत्तर देतो म्हणणार. पण तो म्हणाला, "ती पुस्तकं मी वाचली, त्यांचे उपकार आहेत. पण माझ्या घरात एक दार आहे. त्या दारापलीकडून प्रश्न येतात. मी फक्त उत्तरं लिहितो."

टाळ्या झाल्या. त्या प्राध्यापकांनी पुढं एका मासिकात दहा पानी लेख लिहिला, भाऊच्या कथांतलं दार म्हणजे ज्ञात आणि अज्ञात यांच्या मधला उंबरठा आहे, असा. भाऊनं तो मला वाचायला दिला. मी आमच्या दाराकडे पाहिलं. खालची फळी उंदरांनी कुरतडलेली, कडीला वहिनीनं वाळत घातलेलं फडकं. सत्काराहून आम्ही सायकलरिक्षात परत येत होतो. महाल जवळ आला तेव्हा मंदा म्हणाली, "त्याईले म्हणा, दाराचं नका सांगत जाऊ लोकाईले. कोणी पाहाले आलं तर त्याले रंगही नाही."

मला वाटतं तिला त्या दिवशी फार बरं वाटलं होतं. पण हे मला वाटतं. ती म्हणाली तेवढंच मी पोचवलं, त्या वेळी मीठमसाला न लावता. दुसऱ्या दिवशी भाऊ रंगाचा डबा घेऊन आला. हिरवा.

आई गेली त्यानंतर काही महिन्यांनी भाऊ मला म्हणाला, आता हा नेम पाळायला सांगणारं कुणी उरलं नाही. तिला म्हण, सरळ बोलत जा. मी निरोप आत नेला. मंदा म्हणाली, "सासूबाई गेल्या अन् लगेच बोलाले लागली, तर म्हणतीन वाटच पाहून होती." म्हणून वर्षभर थांबायचं ठरलं. वर्ष झालं. दोन झाली. मग एकदा तीच मला म्हणाली की आता कठीण झालं आहे. इतक्या वर्षांत एक शब्द बोललो नाही, तर पहिला शब्द काय बोलावा? चहा घ्या म्हणावं तर त्यासाठी का इतकी वर्षं थांबलो? आणि मोठं काही बोलावं तर ते येत नाही. मी हसलो. म्हणालो, बाई, तू चंद्रावरच्या माणसाची काळजी करतेस, इथं एक खोली ओलांडवत नाही. ती हसली नाही. 

भाऊला ते हवं होतं. तो मागत नसे. मागणं त्याच्या स्वभावात नव्हतं, परत आलेलं पाकीट तो फोडतही नसे. पण गेल्या वर्षी हृदयाचं दुखणं आलं, डॉक्टरांनी कामावर जाणं बंद केलं, आणि बैठकीतल्या खाटेवर तो दिवसभर उशीला टेकून असायचा, मांडीवर फळी, फळीवर कागद. कादंबरी चालली होती. पृथ्वीवरून एक यान निघालंय, गावाएवढं. पोचायला इतकी वर्षं, की निघालेलं कुणीच पोचणार नाही. पोचतील त्यांची नातवंडं. परतीची वाट नाही. निम्म्याच्या पुढे गेल्यावर भाऊ अडला. मी चौकटीत बसून ऐकलं, मला छान वाटलं, मला नेहमीच छान वाटतं. भाऊनं कागद खाली ठेवले आणि म्हणाला, "काहीतरी राहून गेलं आहे गा यात. माणसं नुसती जात आहेत." आतून नेहमीसारखं "अहो" आलं. भाऊनं हात वर केला. मला म्हणाला, आणि आवाज तोच, फोडणीवर ऐकू जाणारा, "या खेपेला तुझ्याकडून नको. तू मधात मसाला घालतोस. तिनंच विचारावं. दारातूनच विचार म्हणावं… मला एकदा तिच्या तोंडून ऐकायचं आहे."

आत सगळं थांबलं. भांडंसुद्धा वाजलं नाही.

मी नंतर मंदाला विचारलं, प्रश्न काय होता ते मला तर सांग. ती म्हणाली, "तुमाले काहून सांगू? त्याईनं मले विचाराले सांगितलं." तिनं तो सांभाळून ठेवला. मला ती भाजी निवडताना ओठ हलवताना दिसायची. दोन-तीनदा चहा घेऊन ती दारापर्यंत गेली, कप उंबऱ्याच्या आत ठेवला आणि परत आली. एक दिवस उभी राहिली. मी तिथंच होतो. तिनं घसा खाकरला. भाऊनं हातातला पेन खाली ठेवला आणि तिच्याकडे न पाहता, भिंतीकडे पाहत बसला, तिला संकोच नको म्हणून. तेवढ्यात बाहेर दूधवाल्यानं हाक मारली, आणि ती पातेलं घ्यायला गेली ती गेलीच. भाऊ मला म्हणाला, "आली होती दारापर्यंत. हे काम चंद्रावर जाण्यापेक्षा कठीण आहे गा." चेहऱ्यावर हसू होतं. असं वाटलं, दोघांजवळ अजून पुष्कळ वेळ आहे.

भाऊ गेला तो रविवार त्यानंतरचाच. वहिनी सकाळीच हुडकेश्वरला गेली होती, तिच्या भाचीचं डोहाळजेवण होतं; तिथं आता म्हातारीच्या वावराच्या जागी ओळीनं घरं झाली आहेत. मी बाजारात. घरात भाऊ आणि मंदा. पुढं मला एवढंच सांगण्यात आलं की बऱ्याच वेळानं मंदा गुलाबरावांच्या दारात गेली आणि म्हणाली, जरा येऊन पाहता का. डॉक्टर म्हणाले, झोपेत गेले, काही त्रास झाला नाही. डॉक्टर असं सगळ्यांनाच सांगतात बहुधा. मी त्यांनाही "हो" म्हणालो.

त्यानंतर घर भरलं आणि रिकामं झालं. साहित्यिक मंडळी कादंबरीचं विचारायला आली. पुढं काय करणार होते, काही बोलले होते का, शेवट ठरला होता का. मी सांगितलं, काही बोलला नाही. कागद मी त्यांना दाखवले. शेवटचं वाक्य पूर्ण आहे, पण कथा तिथं संपत नाही. यान चाललंय. मंडळी हळहळली आणि चहा घेऊन गेली. भाऊची मुलगी वहिनीला पुण्याला घेऊन गेली आहे, थोडे दिवस. बैठकीत मी संध्याकाळी बसतो. आपल्याला काही वाटत का नाही, याचं मला थोडं कुतूहल वाटतं, दुसऱ्याबद्दल वाटावं तसं. कचेरीत जातो, आवक-जावक करतो. घरी आल्यावर जेवण बैठकीत मांडलेलं असतं, पण पाय आपोआप चौकटीकडे जातात. तिथं बसतो. इकडून काही येत नाही, तिकडूनही येत नाही. निरोप्याला निरोपच नसला की तो नुसता वाटेत बसलेला माणूस असतो.

मंदाही तशीच. रडली नाही. लोकांना ते रीतीला धरून वाटलं. भासऱ्यासाठी धाकट्या सुनेनं किती रडावं याचंही माप असतं आपल्याकडे. परवा दुपारी हा लेख लिहायला बसलो तेव्हा ती समोर तुरीच्या शेंगा सोलत होती. मी म्हणालो, तुझे प्रश्न घालतो आहे यात, तुझं नाव घालून, चालेल का. मला वाटलं नको म्हणेल. ती म्हणाली, "घाला." मग बऱ्याच शेंगा झाल्यावर म्हणाली, "शेवटचाही घाला."

मी म्हणालो, तो तर तू विचारलाच नाहीस.

विचारला, ती म्हणाली. त्या दिवशी घरात कोणी नव्हतं, म्हणून धीर आला. दूध तापत ठेवलं होतं, ते तसंच ठेवून पदर सारखा केला आणि जाऊन दारात उभी राहिली. ते उशीला टेकून बसले होते, डोळे मिटून, मांडीवर कागद. तोंडातून आपोआप 'भाऊजी' निघालं; काय हाक मारावी याचा इतके दिवस विचार केला होता, तो करावाच लागला नाही. आणि मग एका दमात विचारून टाकलं: "भाऊजी, तुमच्या त्या यानातली बाई रुसली, तर माहेरी कुठं जाते?"

मी हातातला कागद खाली ठेवला. मग, म्हटलं. मग काय म्हणाला तो?

ती शेंग सोलत होती. दाणे वाटीत टाकले, साल बाजूला ठेवलं.

"काही नाही म्हणाले. त्याईले वेळ लागतेच ना उत्तराले… मी उभीच होती. मागं दूध उतू गेलं, वास आला, तरी नाही हलली. हललं तर त्याईचं ध्यान मोडन म्हणून. मले वाटलं, विचार करून राहिले."